शंभर रुपयांचा बूस्ट आणि कलम १९

एका वाचकाचा प्रश्न असा आहे: विधानसभा निवडणुकीच्या काळात आमच्या आमदारांच्या बाजूने किंवा विरोधात लिहिलेली फेसबुक पोस्ट शंभर रुपये भरून बूस्ट केली, म्हणजे पैसे देऊन जास्त लोकांपर्यंत पोहोचवली, तर ती राजकीय जाहिरात ठरते का? ठरत असेल तर परवानगी कोणाची? आणि बोलण्याआधी सरकारी समितीची परवानगी घ्यायची, याला सेन्सॉरशिप नाही तर काय म्हणायचं?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नियमांत आहेत, वाचून समाधान होईलच असं नाही. तिसऱ्यावर माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे हे नियंत्रण उलट्या टोकाने चालतं. जाहिरातीत काय म्हटलंय हे समिती आधी तपासते, पण तिचे पैसे कोणी मोजले हे मतदान उरकल्यावरही धड कळत नाही. घटनेत बसतं ते पैसे उघड करण्याचं काम. अडचणीचं असतं ते मजकूर आधी तपासणं.

आता नियम. सुरुवात टीव्हीपासून झाली. केबल टेलिव्हिजन नियमांतल्या नियम ७(३) ने धार्मिक आणि राजकीय स्वरूपाच्या जाहिरातींना सरसकट मनाई केली होती. ते प्रकरण आंध्र प्रदेश उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १३ एप्रिल २००४ च्या आदेशाने मधला रस्ता निघाला: जाहिरात दाखवा, पण आधी प्रमाणित करून घ्या. दोनच दिवसांत, १५ एप्रिलला, निवडणूक आयोगाने त्याची कार्यपद्धती काढली. पुढे २५ ऑक्टोबर २०१३ ला आयोगाने हीच टीव्हीची चौकट उचलून समाजमाध्यमांवर बसवली. तर्क सोपा होता: संकेतस्थळ हेही इलेक्ट्रॉनिक माध्यमच, म्हणून तिथल्या राजकीय जाहिरातीलाही पूर्वप्रमाणीकरण हवं. संसदेने यासाठी स्वतंत्र कायदा केलेला नाही, हे लक्षात ठेवा. न्यायालयाचा एक आदेश आणि घटनेच्या कलम ३२४ मधले आयोगाचे व्यापक अधिकार, एवढ्यावर सगळा डोलारा उभा आहे.

आयोगाने नंतर एक खुलासाही केला आणि तुमच्या कामाचा तोच आहे. स्वतःच्या खात्यावर किंवा ब्लॉगवर टाकलेला मजकूर, फोटो, व्हिडिओ, कॉमेंट ही ‘राजकीय जाहिरात’ धरली जात नाही आणि तिला प्रमाणपत्र लागत नाही. म्हणजे रेघ पैशाची आहे. पोस्ट फुकट पसरली तर ते तुमचं बोलणं, ‘बूस्ट’चं बटण दाबून शंभर रुपये भरले की जाहिरात. मजकूर तोच, शब्दही तेच. रक्कम कितीपर्यंत माफ, अशी खालची मर्यादा कुठेच ठेवलेली नाही.

परवानगी देते ती माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती, सगळे तिला एमसीएमसी म्हणतात. उमेदवाराने जिल्हा समितीकडे जायचं, पक्षाने राज्यस्तरीय समितीकडे. नकार मिळाला तर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अपील. नोंदणीकृत राष्ट्रीय व राज्य पक्षांनी आणि उमेदवारांनी प्रसारणाच्या किमान तीन दिवस आधी अर्ज करायचा, इतर कोणीही किमान सात दिवस आधी. तुम्ही ‘इतर’मध्ये येता. अर्जासोबत जाहिरातीच्या दोन इलेक्ट्रॉनिक प्रती, साक्षांकित संहिता (जाहिरातीतले शब्द लिहून काढलेली प्रत), निर्मितीचा खर्च, प्रसारणाचा अंदाजे खर्च, आणि पैसे चेक किंवा डिमांड ड्राफ्टने देऊ असं निवेदन लागतं. जाहिरात पक्षाची किंवा उमेदवाराची नसेल तर वर शपथपत्र: ही कोणत्याही पक्षाच्या वा उमेदवाराच्या फायद्यासाठी नाही आणि त्यांनी हिचे पैसे दिलेले नाहीत. शंभर रुपयांच्या बूस्टसाठी शपथपत्र करायला त्याहून जास्त खर्च येईल, हे वेगळं सांगायला नको.

अर्ज अडकतात ते बहुतेकदा राजकारणामुळे नाही, कारकुनी चुकांमुळे. संहितेत फक्त निवेदकाचा आवाज उतरवलेला असतो. पडद्यावर येणारी अक्षरं, गाण्याचे बोल आणि पोस्टचं कॅप्शन तिच्यात नसतं. कॅप्शन हाही जाहिरातीचाच भाग आहे, ते अर्जात द्या. दुसरं, प्रमाणपत्र त्या एकाच आवृत्तीला मिळतं. पंचेचाळीस सेकंदांची रील मंजूर झाली आणि तिचा पंधरा सेकंदांचा तुकडा कापून चालवला, तर तो तुकडा विनाप्रमाणपत्र आहे. त्याहून छुपी चूक ॲड्स मॅनेजरमध्ये, म्हणजे फेसबुकवर जाहिराती लावायच्या पानावर, होते. तिथे जाहिरात ‘सुधारण्याच्या’ स्वयंचलित सोयी असतात: मजकुराची अदलाबदल, आपोआप क्रॉपिंग, संगीत जोडणं. त्या सुरू राहिल्या तर मतदारापर्यंत पोहोचणारी जाहिरात समितीने कधी पाहिलेलीच नसते. प्रमाणित जाहिरात चालवताना या सगळ्या सोयी एकेक करून बंद कराव्या लागतात, आणि एजन्सीचा पोरगा नेमका एक विसरतो.

तीन दिवसांची अट कागदावर माफक दिसते. २०२४ ची महाराष्ट्र विधानसभा घ्या. अर्ज मागे घेण्याची शेवटची तारीख ४ नोव्हेंबर, प्रचार संपला १८ नोव्हेंबरला संध्याकाळी सहाला. खरा सामना दोन आठवड्यांचा. विरोधकाने सकाळी आरोप केला आणि दुपारी उत्तराची रील तयार झाली, तरी ती पैसे लावून दाखवायला तीन दिवस थांबा. चौथ्या दिवशी तो आरोप कोणाला आठवतोय? मग काय होतं, तर उमेदवाराच्या अधिकृत पेजवर ती रील फुकट पडते, कारण तिला प्रमाणपत्र लागत नाही, आणि पैसा लावला जातो एखाद्या ‘आपलं गाव आपला विकास’ छापाच्या पेजवर. त्या पेजचा उमेदवाराशी कागदोपत्री काहीही संबंध नसतो. पूर्वप्रमाणीकरणामुळे जाहिराती कमी होत नाहीत, त्या सहीशिवायच्या पेजांवर सरकतात. नियम पाळणाऱ्याचा वेळ जातो, न पाळणाऱ्याचा दिवस वाचतो.

प्रचारबंदीच्या ४८ तासांची गोष्ट याहून मजेशीर आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ चं कलम १२६ मतदान संपण्याच्या वेळेपासून मागे ४८ तास ‘सिनेमा, टेलिव्हिजन किंवा तत्सम उपकरणांद्वारे’ निवडणूकविषयक मजकूर दाखवायला मनाई करतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मोबाइल हे टेलिव्हिजनशी ‘तत्सम’ उपकरण आहे का, हे कायदा सांगत नाही. आयोगाच्याच उमेश सिन्हा समितीने या कलमात सुधारणा सुचवली, ती झाली नाही. मुंबई उच्च न्यायालयात याच मुद्द्यावर एका वकिलाची जनहित याचिका चालू होती. त्याच सुमारास, २० मार्च २०१९ ला, समाजमाध्यम कंपन्यांनी आयोगापुढे ‘ऐच्छिक आचारसंहिता’ ठेवली. कलम १२६ चा भंग आयोगाने कळवला की तीन तासांत मजकूर काढायचा, असं त्यात ठरलं. लोकसभेच्या त्या निवडणुकीत ९०९ प्रकरणांत कारवाई झाल्याचं आयोगाने नंतर सांगितलं, आणि पुढच्या सर्व निवडणुकांसाठी ही संहिता चालू राहिली.

ऐच्छिक या शब्दावर पुढे येतोच. आधी एक व्यवहारातली गोम. जाहिरात ‘रोजचे अमुक रुपये’ अशा बजेटवर, शेवटची तारीख न टाकता लावली, तर ती कोणी थांबवेपर्यंत चालतच राहते. आणि शेवटची वेळ टाकली तरी ती ॲड अकाउंटच्या टाइम झोनप्रमाणे धरली जाते. अकाउंट कोणी लॉस एंजेलिसच्या वेळेवर उघडलेलं असेल, तर १८ नोव्हेंबरची संध्याकाळी सहाची वेळ म्हणजे आपल्याकडची १९ नोव्हेंबरची सकाळी साडेसात. साडेतेरा तास प्रचारबंदीचा भंग, आणि उमेदवाराला पत्ताही नाही. अकाउंट उघडतानाच भारतीय वेळ तपासा. बंद होण्याची वेळ सहा न टाकता पाच टाका. एवढा एक तास सोडला तर कोणी निवडणूक हरत नाही.

खर्चाच्या नोंदीत घोटाळे याहून जास्त. विधानसभेला महाराष्ट्रात मर्यादा ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. गोव्यासारख्या लहान राज्यात अनुक्रमे २८ आणि ७५ लाख. उमेदवारी अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचा खर्च त्यात धरायचा. २०१३ च्या आदेशाप्रमाणे यात फक्त फेसबुक-गूगलचं बिल येत नाही. मजकूर, डिझाइन, व्हिडिओ बनवण्याचा खर्च आणि खाती सांभाळणाऱ्या पोरांचा पगारही येतो. समजा दोन लाखांच्या जाहिराती लावल्या. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २,३६,००० रुपये झाले. नोंदवहीत दोन लाखच लिहिले जातात आणि खर्च निरीक्षकांच्या छाया नोंदवहीशी (उमेदवाराच्या खर्चाची ते वेगळी ठेवतात ती नोंद) मेळ बसत नाही. दुसरा नेहमीचा घोळ कार्डाचा. एजन्सीवाला स्वतःच्या क्रेडिट कार्डवर जाहिराती लावतो आणि नंतर उमेदवाराकडून एकरकमी बिल घेतो. खर्च निवडणुकीसाठी उघडलेल्या स्वतंत्र बँक खात्यातून झाला, हे मग सिद्ध करता येत नाही. पक्षाच्या पेजवरच्या जाहिरातीत उमेदवाराचं नाव किंवा फोटो असेल तर तो खर्चही त्याच्या खात्यावर पडतो, अनेक उमेदवार असतील तर वाटून. निकालानंतर तीस दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यायचा. तो ठरलेल्या मुदतीत आणि पद्धतीने दिला नाही तर लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १०अ खाली तीन वर्षं अपात्रता येऊ शकते. उमेदवारी अर्जासोबतच्या नमुना २६ च्या प्रतिज्ञापत्रात समाजमाध्यमांवरची आपली खाती लिहायची असतात. तिथे लपवलेलं पेज पुढे खर्चाच्या वादात हमखास वर येतं.

(महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. त्याचे जाहिरातींचे आदेश आणि खर्चमर्यादा वेगळ्या असतात. वरचे आकडे तिथे लावू नका.)

आता तुमच्यासारख्या त्रयस्थाकडे येऊ, कारण खरी गाठ इथेच आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम १७६, म्हणजे जुन्या दंड संहितेतलं १७१-ह, असं सांगतं: उमेदवाराच्या लेखी अधिकाराशिवाय त्याच्या निवडीसाठी सभा, जाहिरात, पत्रक यांवर कोणी खर्च केला तर दंड. जुन्या कायद्यात पाचशे रुपयांपर्यंत होता, आता दहा हजारांपर्यंत. सूट एकच: खर्च दहा रुपयांपर्यंत असेल आणि दहा दिवसांत उमेदवाराची लेखी संमती मिळवली तर गुन्हा नाही. दहा रुपये! ब्रिटिशांच्या काळातला आकडा २०२३ च्या संहितेत तसाच उतरला. म्हणजे कागदावर, आपल्या आवडत्या उमेदवारासाठी शंभर रुपयांचा बूस्ट लावणारा कॉलेजचा मुलगा गुन्हेगार आहे. आणि लाखो रुपये ओतून समोरच्या उमेदवाराची नुसती बदनामी करणारं पेज कदाचित या कलमात बसतच नाही, कारण शब्द आहेत ‘उमेदवाराची निवड घडवून आणण्यासाठी’. पाडण्यासाठी केलेल्या खर्चावर वकील तासभर युक्तिवाद करू शकतो. त्रयस्थांच्या मजकुराचं काय करायचं, यावर संबंधित मंत्रालयाशी विचारविनिमय चालू आहे, असं आयोगाने २०१३ च्या आदेशातच लिहून ठेवलं होतं.

मग सेन्सॉरशिप आहे का? घटनेचं कलम १९(२) उघडा. अभिव्यक्तीवर बंधन घालण्याची कारणं तिथे मोजून दिली आहेत: देशाचं सार्वभौमत्व व एकात्मता, सुरक्षा, परराष्ट्र मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी, गुन्ह्याला चिथावणी. ‘निवडणूक निकोप राहावी’ हे कारण त्या यादीत नाही. ‘मजकूर खोटा आहे’ हेही नाही. पुण्याच्या ‘सकाळ’च्या खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच धरलं होतं. वृत्तपत्रांची पानं, किंमत आणि जाहिरातींची जागा सरकारने ठरवून द्यायची, लहान वृत्तपत्रांना वाव मिळावा हा हेतू. हेतू चांगला असला तरी १९(२) बाहेरच्या कारणासाठी अभिव्यक्ती आखडता येत नाही, असं सांगून न्यायालयाने तो कायदा मोडीत काढला. जाहिरातीवर घाव घातला की बोलण्याचं बळच जातं, हे साठ वर्षांपूर्वी एका मराठी दैनिकाने पटवून दिलं होतं. समाजमाध्यमांच्या वादात ते फारसं कोणी आठवत नाही, याचं आश्चर्य वाटतं.

उलट बाजूही तितकीच पक्की आहे. मतदाराला माहिती मिळण्याचा हक्क अभिव्यक्तीच्या हक्कातच, म्हणजे १९(१)(अ) मध्येच, येतो, हे न्यायालयाने २००२ मध्ये उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांच्या प्रकरणात सांगितलं, आणि १५ फेब्रुवारी २०२४ ला निवडणूक रोखे रद्द करताना पक्षांना पैसे कुठून मिळतात यापर्यंत नेलं. त्यामुळे जाहिरातीचे पैसे कोणी दिले हे उघड करायला लावणं म्हणजे अभिव्यक्तीवर बंधन आणि तिचा विस्तार, दोन्ही एकाच वेळी. मजकूर आधी तपासण्याला मात्र असा दुहेरी आधार मिळत नाही.

मजकूर तपासताना काय होतं, याचं उदाहरण लांब नाही. २१ एप्रिल २०२४ ला उद्धव ठाकरे यांनी जाहीर केलं, की पक्षाच्या नव्या प्रचारगीतातून ‘जय भवानी’ आणि ‘हिंदू’ हे शब्द काढायला आयोगाकडून सांगण्यात आलं आहे, आणि आपण ते काढणार नाही. धर्माच्या नावाने मत मागणं हे लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२३(३) खाली भ्रष्ट आचरणच आहे. सात न्यायाधीशांच्या खंडपीठाने २ जानेवारी २०१७ ला ४ विरुद्ध ३ अशा बहुमताने त्याचा अर्थ आणखी रुंद केला, आणि तो खटलाही मुंबईचाच, सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीचा. पण निवडणूक याचिकेत हे ठरतं ते साक्षीपुरावे, उलटतपासणी आणि संदर्भ पाहून. ‘जय भवानी’ ही महाराष्ट्रात धार्मिक हाक आहे, ऐतिहासिक आहे, की दोन्ही? चार-पाच जणांच्या समितीने अर्जावर प्रचाराच्या धामधुमीत हे ठरवावं, अशी अपेक्षाच चुकीची आहे. शिवाय प्रमाणपत्र म्हणजे मजकूर खरा असल्याचा दाखला नव्हे. समिती दावे पडताळत नाही. प्रमाणित जाहिरातीतही प्रतिस्पर्ध्याच्या चारित्र्याबद्दल धडधडीत खोटं असेल तर त्याच अधिनियमाचं कलम १२३(४) लागू शकतंच.

ऐच्छिक संहितेचा धोका वेगळा. १६ एप्रिल २०२४ ला एक्सने (पूर्वीचं ट्विटर) आयोगाचे आदेश प्रसिद्ध केले. वायएसआर काँग्रेस, आम आदमी पक्ष, चंद्राबाबू नायडू आणि सम्राट चौधरी यांच्या काही पोस्ट निवडणूक संपेपर्यंत झाकायला सांगितलं होतं. कंपनीने पोस्ट झाकल्या आणि आपण याच्याशी सहमत नसल्याचंही लिहिलं. या जाहिराती नव्हत्या, साधं राजकीय बोलणं होतं. पैशाच्या जाहिरातींपासून सुरू झालेली व्यवस्था बघता बघता फुकटच्या बोलण्यापर्यंत आली. श्रेया सिंघल निकालात (२०१५) न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द करताना मध्यस्थ कंपन्यांबद्दल अट घातली होती, की मजकूर काढायचा तो न्यायालयाच्या किंवा सरकारच्या रीतसर आदेशाने आणि १९(२) मधल्या कारणासाठीच. त्या खटल्याची ठिणगी पालघरची, नोव्हेंबर २०१२ मध्ये एका फेसबुक पोस्टवरून झालेल्या दोन मुलींच्या अटकेची. आपसात ठरवलेल्या संहितेखाली मजकूर उतरवला जातो तेव्हा लिहिणाऱ्याला नोटीस नाही, सुनावणी नाही, दाद मागायला ठरलेली जागा नाही. कंपनीने आदेश स्वतःहून प्रसिद्ध केला नाही, तर आदेश झाला हेही कळत नाही. सरकारबद्दलचा मजकूर खोटा ठरवणाऱ्या सरकारी सत्यशोधन कक्षाचा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला तो ‘खोटं’, ‘दिशाभूल करणारं’ हे शब्द मोघम आहेत म्हणूनही. निवडणुकीच्या आदर्श आचारसंहितेतला ‘असत्यापित आरोप’ त्याहून नेमका आहे का?

तर करायचं काय? पैशाच्या बाजूला आज जी साधनं आहेत ती आधी वापरायला शिका. मेटाच्या (फेसबुकची मालक कंपनी) ॲड लायब्ररीत, म्हणजे जाहिरातींच्या खुल्या संग्रहात, देश भारत, प्रकार निवडणूक व राजकारण निवडून पेजचं नाव टाका. प्रत्येक जाहिरातीखाली पैसे देणाऱ्याचं नाव, खर्च अमुक ते अमुक रुपये असा अंदाज, पाहणाऱ्यांचं वय, लिंग आणि राज्य दिसतं. राजकीय म्हणून नोंदवलेली जाहिरात सात वर्षं राहते. पण जाहिरातदाराने ती राजकीय म्हणून नोंदवलीच नाही, तर आपल्याकडे ती चालू असेपर्यंतच दिसते. बंद झाली की गायब. म्हणून संशयास्पद जाहिरात चालू असतानाच लायब्ररी आयडीसह स्क्रीनशॉट घ्या. तो आयडी तक्रारीत नसेल तर आयोगाचा माणूस काही शोधू शकत नाही. आणि ‘पैसे देणारा’ या रकान्यात पुष्कळदा एखादं संकेतस्थळ किंवा त्याच पेजचं नाव असतं, माणूस नसतोच. गूगलची अडचण वेगळी. तिथे भारतात निवडणूक जाहिरात म्हणजे पक्ष, उमेदवार किंवा विद्यमान खासदार-आमदार दाखवणारी जाहिरात. फक्त मुद्दा तापवणारी, नाव न घेणारी जाहिरात त्या यादीत येत नाही. एक फरक मात्र दखल घेण्याजोगा. गूगलने २०१९ पासून आयोगाचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं, मेटाने त्याच वर्षी ते फक्त जोडण्याची सोय दिली. एकाच देशात, एकाच निवडणुकीत दोन कंपन्यांचे दोन दरवाजे.

कायदा बदलायचा तर नमुना घरचाच आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२७अ प्रमाणे निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावा लागतो. गल्लीत वाटलेल्या चिठोऱ्याखाली बारीक अक्षरातली ती ओळ सगळ्यांनी पाहिली आहे. पत्रकात काय लिहायचं हे त्यासाठी कोणी विचारत नाही. छापल्यावर प्रत अधिकाऱ्याकडे जाते, आधी नाही. हेच डिजिटल जाहिरातीला लावा: खऱ्या माणसाचं किंवा संस्थेचं नाव, जाहिरात सुरू होताच प्रत आणि खर्च सार्वजनिक नोंदीत, पूर्वपरवानगी नाही. ब्रिटनने १ नोव्हेंबर २०२३ पासून डिजिटल जाहिरातींवर अशी नाममुद्रा सक्तीची केली. कलम १७६ मधले दहा रुपये काढून तिथे आजच्या काळातली रक्कम घाला. तिच्या खाली नागरिकाला मोकळं सोडा, वर नोंदणी आणि हिशेब, आणि पाडण्यासाठीचा खर्चही स्पष्ट शब्दांत त्यात आणा.

युरोपकडे बघून कडक व्हावं असं वाटणाऱ्यांनी जरा थांबावं. युरोपीय संघाचा राजकीय जाहिरातींचा नियम १० ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण लागू झाला. पैसे देणाऱ्याचं नाव, खर्च, कोणाला लक्ष्य केलं याची सूचना प्रत्येक जाहिरातीला, वैयक्तिक माहितीवर लक्ष्य करायला स्पष्ट संमती, आणि दंड वार्षिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत. नियम मजकुराला हात लावत नाही, हे त्याचं मोठेपण. पण गूगल आणि मेटा दोघांनीही नियम पाळण्याऐवजी तिथल्या राजकीय जाहिरातीच बंद केल्या. मोठ्या पक्षांची पेजं आधीच लाखोंची, त्यांचं फार बिघडलं नाही. थोड्या पैशांत ओळख मिळवू पाहणाऱ्या नव्या उमेदवाराची वाट गेली. आपल्याकडे अपक्षाला टीव्ही परवडत नाही, वर्तमानपत्राचं पहिलं पान परवडत नाही, तालुक्यापुरता पाच हजारांचा बूस्ट परवडतो. तो दरवाजा कंपन्यांच्या सोयीने बंद झालेला चालणार नाही.

राहता राहिला तुमचा बूस्ट. आचारसंहिता लागल्यापासून निकालापर्यंत उमेदवाराचं नाव, चिन्ह किंवा फोटो असलेली पोस्ट पैसे लावून पसरवू नका, बाजूची असो वा विरोधातली. तीच पोस्ट पैसे न लावता खुशाल टाका, कितीही वेळा टाका, शेअर करायला सांगा, त्याला कोणाचं प्रमाणपत्र लागत नाही. पैसे लावायचेच असतील तर मजकूर रस्त्याचा किंवा पाण्याचा ठेवा, मत मागू नका, कोणाला पाडा म्हणू नका, आणि बूस्ट करताना ‘सामाजिक प्रश्न, निवडणूक किंवा राजकारण’ हा रकाना निवडून आपलं खरं नाव द्या. मग ओळखपत्राची पडताळणी होते. त्यात काही दिवस जाऊ शकतात, म्हणून प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात तिच्या नादी लागू नका.